रांग होतीच कुठे?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं एक लष्करी विमान अमृतसरला उतरलं. बेकायदा वास्तव्याबद्दल परत पाठवलेले १०४ भारतीय त्यात होते आणि प्रवासात त्यांना बेड्या घातलेल्या होत्या. पुढचे काही दिवस आपल्याकडे आणि अमेरिकेतल्या भारतीयांमध्येही जी चर्चा झाली, तिचा सूर ठरलेला होता. बेड्या घालायला नको होत्या, इथवर बहुतेकांचं जमत होतं. पण त्याला लागूनच पुढचं वाक्य येई: आधीची पिढी गुणवत्तेवर गेली, कायद्यानं गेली, रांगेत उभी राहून गेली, यांनी रांग मोडली. अमेरिकेत हे वाक्य फार जुनं आहे. आयरिश, इटालियन, पोलिश घराण्यांची पतवंडं मेक्सिको आणि ग्वाटेमालाहून आलेल्या माणसांबद्दल अगदी हेच बोलतात. आमचे पणजोबा रीतसर आले, इंग्रजी शिकले, सरकारपुढे हात पसरला नाही, मग यांना काय धाड भरली आहे?

ही तुलना मुळातच चुकीची आहे, असं माझं मत आहे. ती निष्ठुर आहे हा मुद्दा बाजूला ठेवू. ती हिशेब म्हणूनच चुकते. एका पारड्यात तीन पिढ्या मुरलेलं, यशस्वी झालेलं, उजळून सांगितलेलं घराणं आहे. दुसऱ्या पारड्यात देशात येऊन पाच-दहा वर्षं झालेला माणूस. अढीतून काढलेला आंबा आणि झाडावरची कैरी शेजारी ठेवायची आणि कैरीला आंबट म्हणायचं, असा हा प्रकार आहे. शिवाय दोघांच्या वेळचा कायदा एकच होता असं त्यात गृहीत धरलेलं असतं, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

कायद्यापासूनच सुरुवात करू, कारण 'रीतसर' या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस आयलंडचं तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं आणि १९५४ मध्ये बंद झालं. सुमारे १ कोटी २० लाख माणसं तिथून आत गेली. तिथली 'रीत' नेमकी काय होती? पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच उरकायची. तळातल्या स्वस्त वर्गाच्या प्रवाशांना बोटीतून बेटावर आणायचं. सामान खाली ठेवून ते जिना चढू लागले की डॉक्टरांची तपासणी तिथेच सुरू व्हायची: कोण धापा टाकतो, कोण लंगडतो, कोणाची नजर भिरभिरते. संशय आला की कोटावर खडूनं खूण. हृदयासाठी 'एच', लंगडेपणासाठी 'एल', डोळ्यांसाठी 'ई', मानसिक आजाराच्या शंकेसाठी 'एक्स'. खुपरी आहे का ते पाहायला पापणी उलटी करायची, कित्येकदा बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं. मग मोठ्या दालनात कारकुनासमोर उभं राहायचं. जहाजाच्या यादीत आधीच लिहिलेल्या २९ प्रश्नांची उत्तरं जुळली की संपलं. तब्येत आणि कागद ठीक असलेला माणूस काही तासांत मॅनहॅटनच्या फेरीत बसलेला असे. परत पाठवल्या गेलेल्यांचं प्रमाण साधारण दोन टक्के. १७ एप्रिल १९०७ या एका दिवशी तिथे ११,७४७ माणसं हाताळली गेली.

त्या माणसांकडे व्हिसा नव्हता, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातून येणाऱ्याला व्हिसा लागतच नव्हता. पासपोर्ट लागत नव्हता. वर्षाला अमुक इतकीच माणसं घेऊ, अशी मर्यादा नव्हती. १९०७ पासून माणशी चार डॉलर कर होता. तो जहाज कंपनी भरायची आणि तिकिटातून वसूल करायची. म्हणजे ज्या रांगेत आजोबा उभे राहिले ती एका दिवसाची, एका जिन्याची रांग होती. ती मोडायचं कारणच नव्हतं.

नियम अजिबातच नव्हते, असं मात्र नाही, आणि ते झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. वेडसर, 'सरकारवर भार होईल' अशी माणसं १८८२ पासून आणि संसर्गजन्य रोगी १८९१ पासून नाकारले जात. आधीच नोकरीचा करार करून येणाऱ्या मजुराला १८८५ पासून बंदी होती. नाकारलेला प्रवासी स्वखर्चानं परत न्यावा लागे म्हणून जहाज कंपन्या युरोपच्या बंदरातच माणसं चाळून घेत; दोन टक्क्यांचा आकडा इतका लहान दिसण्यामागे तेही एक कारण आहे. आणि चिनी मजुरांना १८८२ पासून, तर जवळपास सगळ्या आशियाला १९१७ पासून दार बंदच होतं. पण युरोपातल्या धट्ट्याकट्ट्या, अर्धशिक्षित, खिशात फारसं काही नसलेल्या शेतमजुराला अमेरिकेत कायदेशीरपणे येता येत होतं का? हो, आणि विनासायास.

तोच शेतमजूर आज येऊ म्हणाला तर? अमेरिकेत त्याचं जवळचं नातं नाही, पदवी नाही, अंगात ताकद आहे आणि कामाची तयारी आहे. अकुशल कामगारांसाठी कायमस्वरूपी वास्तव्याचा एक उपवर्ग कायद्यात आहे. त्याची कमाल मर्यादा सगळ्या जगासाठी मिळून वर्षाला १०,००० आणि त्यात बायकामुलंही मोजली जातात. लॉटरीचा एक मार्ग आहे, पण ज्या देशांतून आधीच पुष्कळ माणसं येतात ते देश त्यातून वगळलेले असतात. मेक्सिको आणि भारत त्यांतच येतात. शेतीचा हंगामी व्हिसा मिळू शकतो, पण त्यातून ग्रीनकार्डाकडे जाणारी वाट नाही. आश्रय मागायचा तर छळ सिद्ध करावा लागतो. गरिबी हा छळ धरला जात नाही. या माणसाला 'रांगेत उभा राहा' असं सांगणाऱ्यानं ती रांग कुठल्या खिडकीपासून सुरू होते, तेवढं दाखवावं.

पदवीवाल्याची रांग खरोखर आहे, पण तीही पाहण्यासारखी आहे. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, कुटुंबीयांसह. एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त सहसा मिळत नाहीत. देश आइसलँड असो की भारत, टक्का तोच. मालकानं आधी त्या कामाचा त्या भागातला प्रचलित पगार सरकारकडून ठरवून घ्यायचा, मग जाहिराती देऊन लायक अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे दाखवायचं, मग श्रम खात्याचं प्रमाणपत्र, मग परदेशी कामगारासाठीचा अर्ज. यातला श्रम खात्याकडचा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती तुमची 'प्रायॉरिटी डेट'. त्यानंतर कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणारं पत्रक परराष्ट्र खातं दर महिन्याला काढतं, ते बघत बसायचं. भारतीयांसाठी या ग्रीनकार्डांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातली तारीख दहा-दहा वर्षांहून मागे रखडलेली असते, कधी ती पुढे सरकण्याऐवजी मागेही जाते. या काळात आईबापांबरोबर लहानपणी आलेलं मूल २१ वर्षांचं झालं की ते अर्जातून गळण्याची टांगती तलवार. १९०७ सालच्या इटालियन गवंड्यानं यातलं काहीही पाहिलं नव्हतं. त्यानं कायदा पाळला, कारण त्याला पाळायला फार थोडा कायदा होता.

'तरीही कायदा मोडला तो मोडलाच' हा सगळ्यात तगडा प्रतिवाद. राष्ट्राला आपल्या सीमेवर कोण यावं हे ठरवण्याचा अधिकार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. सीमा उघड्या टाका असं मी म्हणत नाही. पण प्रश्न आधीच्या पिढीच्या सचोटीचा असेल, तर कायदा कडक झाल्याबरोबर ती पिढी कशी वागली ते पाहू. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी युरोपातल्या देशांना कोटे ठरवून दिले. १९२४ च्या कायद्यानं तर १८९० च्या जनगणनेतल्या संख्येचे दोन टक्के असं माप लावलं. १८९० च का? तेव्हा इटालियन, पोलिश, ज्यू अमेरिकेत थोडेच होते म्हणून. मग काय झालं? तीच मंडळी क्युबा, कॅनडा आणि मेक्सिकोमार्गे चोरून येऊ लागली. जहाजावरून खलाशी म्हणून उतरून शहरात दिसेनासं होणं ही नेहमीची वाट होती.

आपली माणसंही याला अपवाद नव्हती. १९१७ नंतर पंजाबी शेतकरी मेक्सिकोच्या सीमेवरून कॅलिफोर्नियात शिरले, बंगाली खलाशी न्यूयॉर्कच्या गोदीत जहाज सोडून पळाले आणि तिथेच त्यांनी संसार थाटले. आज ज्या वाटेला आपण 'डंकी' म्हणतो, ती शंभर वर्षं जुनी आहे.

अमेरिकेनं चोरून आलेल्या युरोपीयांचं काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही. १९२९ च्या कायद्यानं अशी सोय केली की ३ जून १९२१ पूर्वी आलेल्या आणि तेव्हापासून सलग राहिलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या माणसानं २० डॉलर भरून आपली नोंद कायम रहिवासी म्हणून करून घ्यावी, प्रवेशाची कागदपत्रं नसली तरी. १९३० च्या दशकात आणखी एक युक्ती निघाली: अशा माणसाची अमेरिकेतच पूर्वतपासणी करायची, त्यानं कॅनडात जायचं, तिथल्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा घ्यायचा आणि पुन्हा आत यायचं, झाला कायदेशीर. अशा वेगवेगळ्या मार्गांनी चार दशकांत सुमारे दोन लाख युरोपीय नियमित झाले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांची नातवंडं आज 'आमचे आजोबा रीतसर आले' असं म्हणतात तेव्हा ती खोटं बोलत नाहीत. आजोबांना रीतसर करून घेतलं गेलं होतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता स्वभावाचा मुद्दा. नवे लोक वेगळेच आहेत, ते मिसळत नाहीत, पैसा कमवून जायला येतात, घोळक्यानं राहतात. हा आरोप कुणी, कुणावर, कधी केला याची यादी फार लांब जाते, पण त्यातली एक नोंद थांबून पाहावी अशी आहे. १९०७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं सिनेटर विल्यम डिलिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. १९११ मध्ये त्याचा ४१ खंडांचा अहवाल आला. त्याचा कणाच मुळी 'जुने' आणि 'नवे' स्थलांतरित या विभागणीचा होता. जुने म्हणजे इंग्रज, आयरिश, जर्मन, स्कँडिनेव्हियन: हे घर करायला आले, शेतीत शिरले, मिसळून गेले. नवे म्हणजे इटालियन, पोलिश, हंगेरियन, ग्रीक, रशियातले ज्यू: हे अकुशल, निरक्षर, शहरांत कोंडाळं करून राहणारे, इंग्रजी न शिकणारे. म्हणजे आज ज्यांच्या नावानं नव्यांना नावं ठेवली जातात, ते तेव्हा 'नवे' होते. आणि ज्या आयरिशांना आयोगानं गुणी जुन्यांत बसवलं, त्यांचं ५७ वर्षांपूर्वी काय म्हणून स्वागत झालं होतं? १८५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आयरिश-कॅथलिकविरोधी 'नो नथिंग' पक्षानं राज्यपालपद आणि विधिमंडळातल्या जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या होत्या, आणि १८५९ मध्ये तिथे नागरिकत्व मिळालेल्या परदेशी माणसालाही मतदानासाठी आणखी दोन वर्षं थांबवणारी घटनादुरुस्ती झाली होती. आणखी मागे जा. १७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना जर्मनांची भीती वाटत होती: हे पेनसिल्व्हेनियात इतके होतील की त्यांना इंग्रज करण्याऐवजी आपणच जर्मन होऊन बसू.

अर्थात, पूर्वीची भीती फोल ठरली म्हणून आजची फोलच ठरेल असं तर्कशास्त्र सांगत नाही. म्हणून आयोगाची चूक नेमकी कुठे झाली ते बघणं जास्त उपयोगाचं. ४१ खंडांत आकडे भरपूर होते, पण तुलना करताना कालावधीच विसरला गेला. जर्मन माणूस अमेरिकेत सरासरीनं वीस-तीस वर्षं राहिलेला, तर पोलिश माणूस चार-पाच वर्षं. पहिल्याला इंग्रजी येतं, दुसऱ्याला येत नाही, म्हणून पहिला वंशानंच शिकाऊ! आयझॅक आवरविच या अर्थतज्ज्ञानं १९१२ मध्येच हे दाखवून दिलं, तेही आयोगाच्याच तक्त्यांतून. वास्तव्याची वर्षं सारखी धरली की नवे आणि जुने यांतलं अंतर बरंचसं विरघळतं. शंभर वर्षांनंतरही चूक तीच होते आहे. पन्नास वर्षं राहिलेल्या कुटुंबाची तुलना पाच वर्षं राहिलेल्याशी करू नका, एवढा एकच नियम पाळला तरी या वादातली निम्मी विधानं करता येणार नाहीत.

भाषेचंही असंच. 'आमचे पूर्वज लगेच इंग्रजी शिकले' हे विधान जर्मनांपुरतं तरी टिकत नाही. विस्कॉन्सिनमध्ये १८८९ मध्ये शाळांत काही विषय इंग्रजीतून शिकवणं सक्तीचं करणारा बेनेट कायदा आला. जर्मन लुथेरन आणि कॅथलिक, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, त्याविरुद्ध एक झाले. १८९० मध्ये राज्यपाल पडले आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला. सिनसिनाटीच्या सरकारी शाळांत १८४० पासून जर्मन-इंग्रजी शिक्षण होतं. १९१० च्या जनगणनेचे कागद तपासणाऱ्या अभ्यासकांना विस्कॉन्सिनच्या गावांत फक्त जर्मन बोलणारी माणसं सापडली, त्यांतली काही अमेरिकेतच जन्मलेली. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१८ मध्ये आयोवाच्या राज्यपालांनी सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरसुद्धा, इंग्रजीखेरीज भाषा बोलायला मनाई केली. नेब्रास्कात १९२० साली एका खासगी शाळेत दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल रॉबर्ट मेयर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. तो दंड १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दबातल ठरवला. जर्मन भाषा अमेरिकेतून गेली ती पूर्वजांच्या उत्साहामुळेच गेली असं मानायचं, तर हा इतिहास कुठेतरी पुरावा लागेल.

आज काय चाललं आहे? राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष असा की आताचे स्थलांतरित इंग्रजी शिकण्यात पूर्वीच्या लाटांइतकेच किंवा त्याहून वेगवान आहेत. पहिली पिढी अडखळते, दुसरी दोन्ही भाषा बोलते, तिसऱ्या पिढीत आजीची भाषा बहुतेक ठिकाणी संपते. स्पॅनिशचंही तसंच होतं. मराठी वाचकाला याचा पुरावा लांब शोधायला नको. अमेरिकेतल्या गावोगावी रविवारी मराठी शाळा भरवण्यासाठी जी मंडळी जिवाचं रान करतात, ती मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे.

'सरकारपुढे हात पसरला नाही' हा आरोपातला तिसरा भाग. १९१० मध्ये केंद्र सरकारची कल्याणकारी योजना नव्हतीच, त्यामुळे तिच्यापुढे कुणी हात पसरला नाही हे खरंच आहे. पण त्याआधी, १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळत होती. फी अठरा डॉलरच्या आसपास, अट पाच वर्षं राहून कसण्याची. त्यासाठी नागरिक असणंही गरजेचं नव्हतं, नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. नॉर्वेहून, जर्मनीहून आलेल्यांनी त्याचा भरघोस लाभ घेतला. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हा वेगळा आणि मोठा विषय. आजच्या नव्यांचं उलट आहे: १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीनकार्ड असलेल्यालाही बहुतेक केंद्रीय मदत योजना पहिली पाच वर्षं बंद असतात. कागदपत्रं नसलेला कामगार उसन्या सामाजिक सुरक्षा क्रमांकावर काम करतो तेव्हा त्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो आणि त्याचं निवृत्तिवेतन त्याला कधीच मिळत नाही. इथे विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. कर जातो मुख्यतः केंद्राच्या तिजोरीत, आणि मुलांच्या शाळेचा, दवाखान्याचा खर्च पडतो राज्यावर आणि शहरावर. एखाद्या गावात वर्ष-दोन वर्षांत शेकडो मुलं नव्यानं शाळेत आली तर त्या गावाची तक्रार खोटी नसते. ती पैशाच्या वाटणीची तक्रार आहे आणि तशीच सोडवायला हवी.

गुन्ह्यांबद्दल थोडक्यात. १९०८ मध्ये न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त थिओडोर बिंगहॅम यांनी शहरातले निम्मे गुन्हेगार ज्यू असल्याचं लिहिलं होतं आणि नंतर ते मागे घ्यावं लागलं. अमेरिकेच्या १८७० पासूनच्या जनगणना तपासणाऱ्या अलीकडच्या अभ्यासानुसार स्थलांतरितांचं तुरुंगातलं प्रमाण देशात जन्मलेल्यांपेक्षा कधीच जास्त नव्हतं, आणि आज तर ते बरंच कमी आहे.

ज्या आठवणींवर ही तुलना उभी आहे, त्या कुणाच्या आहेत? आलेल्या सगळ्यांच्या नाहीत. जे राहिले त्यांच्या. अमेरिकेनं १९०८ पासून परत जाणाऱ्यांची मोजदाद सुरू केली, तेव्हा आलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा परत जातो असं दिसलं. इटालियनांमध्ये तर जवळपास निम्मे. कुणी पैसे साठवून गेले, कुणी खाणीत हात-पाय गमावून, कुणी मंदीत काम सुटलं म्हणून. ज्यांचं बस्तान बसलं नाही ते परतले, त्यांच्या वंशजांनी अमेरिकेत कहाण्या सांगितल्या नाहीत. रॅन अब्रामित्स्की आणि लिया बूस्टन या अर्थतज्ज्ञांनी तीच तीच माणसं जनगणनेतून जनगणनेत शोधून काढली आणि त्यांचं उत्पन्न ताडून पाहिलं. खाली सुरुवात करणारा स्थलांतरित भराभर वर चढला, हे जुनं चित्र त्यातून बरंचसं पुसलं गेलं. जे मागे होते ते बहुधा आयुष्यभर मागेच राहिले. भरपाई केली ती मुलांनी. आणि आजच्या गरीब स्थलांतरितांची मुलं? जवळपास प्रत्येक देशातून आलेल्या कुटुंबांत ती तितक्याच उत्पन्नाच्या अमेरिकी घरातल्या मुलांपेक्षा पुढे जातात, शंभर वर्षांपूर्वी जात होती तशीच.

भारतीयांपुरता हाच हिशेब वेगळ्या आकड्यांनी मांडता येतो. १९६५ च्या कायद्यानं राष्ट्रवार कोटे गेले, व्यावसायिकांना प्राधान्य मिळालं. मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना सुरू झाली आणि रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेली ती पिढी खरोखर कष्टाळू होती, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिची पुंजी आठ डॉलर नव्हती. सरकारी खर्चानं मिळालेली वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी पदवी, इंग्रजी, आणि पलीकडे वाट बघत असलेली नोकरी ही तिची पुंजी होती. कायद्यानं तिला दारातच निवडून घेतलं होतं. तिनंच पुढे कायदेशीर अर्ज करून बोलावलेले भाऊ-बहीण पदवीधर नव्हते म्हणून टॅक्सी चालवू लागले, दुकानं थाटू लागले, तर त्यात घसरण कसली? आणि नीट वागणुकीनं सगळं मिळतं असंही नाही. वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये कुटुंबासह आणि स्वतःच्या पैशानं सॅन फ्रान्सिस्कोला गेले, इंग्रजी बोलत, सूट घालत, दुकान चालवत, अमेरिकेचे नागरिक झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीय 'गोरे' नाहीत असा निर्णय दिला आणि बगाईंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आदर्श स्थलांतरित होण्यात त्यांनी काय बाकी ठेवलं होतं?

विरुद्ध बाजूचा सर्वांत गंभीर युक्तिवाद अजून उरला आहे. तो असा: जुनी लाट मिसळली, कारण १९२४ नंतर चाळीस वर्षं दार लोटलेलं होतं. नवी भर थांबली, वस्त्या विरळ झाल्या, मुलं मुख्य प्रवाहात गेली. परदेशात जन्मलेल्यांचा वाटा १९१० मध्ये १४.७ टक्के होता, तो १९७० मध्ये ४.७ वर आला. आज तो पुन्हा १४ टक्क्यांच्या वर आहे आणि विश्रांती नाही. शिवाय तेव्हा शिक्षणाविना चांगला पगार देणारे कारखाने होते, आज नाहीत. हा युक्तिवाद विचारी माणसं करतात आणि त्यात तथ्य आहे. कारखान्यांबद्दलचा भाग तर मला जवळजवळ पूर्ण पटतो. फक्त तो अर्थव्यवस्थेबद्दल आहे. नव्या माणसांत काही कमी असल्याचं त्यातून निघत नाही.

विश्रांतीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. मिसळण्याची प्रक्रिया दार लोटायच्या आधीच चालू होती. मुलांची नावं तिचा चांगला मागोवा देतात: कुटुंब जितकी वर्षं अमेरिकेत राहिलं तितकी पुढच्या मुलांची नावं अमेरिकी होत गेली, आणि हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, दार उघडं असतानाच्या नोंदींत दिसतं. दुसरं, ती चाळीस वर्षं रिकामी नव्हतीच. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेनं स्वतः ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजूर बोलावले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला चार लाखांहून अधिक. ते हंगामाला येत आणि घरी परत जात. १९६४ च्या अखेरीस ती योजना बंद झाली, १९६५ च्या कायद्यानं पश्चिम गोलार्धावर, म्हणजे मेक्सिकोसह अमेरिका खंडांतल्या देशांवर, पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २०,००० व्हिसा आले. शेतं तीच, मालक तेच, मजूर तेच आणि हंगामही तोच. बदलला फक्त कागद, आणि लाखो माणसं एका फटक्यात 'घुसखोर' झाली. १९९० च्या दशकात सीमेवर कुंपण आणि पहारा वाढला तेव्हा पुन्हा येणं महाग आणि जिवावरचं झालं, म्हणून परत जाणं थांबलं आणि बायकामुलं इकडे आली. जी वस्ती रोखायची होती ती त्या पहाऱ्यानंच कायमची केली. आणि त्या विश्रांतीची किंमत? १९३९ मध्ये सेंट लुई जहाजावरच्या ९३७ प्रवाशांना, जवळजवळ सगळ्या ज्यू निर्वासितांना, क्युबानं मोजके सोडून बाकी नाकारलं आणि अमेरिकेनं किनाऱ्यावरून परत पाठवलं. युरोपात परतलेल्यांतले २५४ पुढे नाझींच्या छळात मेले. मिसळण्यासाठी दार लोटायलाच हवं असं म्हणणाऱ्यानं हा आकडाही आपल्या हिशेबात धरायला हवा.

आधीच्या पिढीला जे मिळालं तेच नव्यांना द्यायचं म्हटलं, तर त्यासाठी नवं काही शोधायला नको. १९२९ ची ती नोंदणीची सोय अमेरिकी कायद्यात आजही आहे. तिची तारीख काँग्रेसनं १९४०, १९५८, १९६५ आणि १९८६ या वर्षांत अशी चार वेळा पुढे आणली. १९२९ मध्ये ती तारीख आठ वर्षांपूर्वीची होती; आठ वर्षं सरळ वागून राहिलेल्या, कागद नसलेल्या इटालियन गवंड्याला तिचा उपयोग होत होता. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ वर आणली गेली आणि तिथेच थांबली. १९९० मध्ये लहानपणी सीमा ओलांडलेली, इथेच शिकलेली, तीस-पस्तीस वर्षं काम करून कर भरणारी बाई आज त्या खिडकीशी गेली, तर तिला विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, की ती १९७२ पूर्वी आली होती का.